पप्पा, जिम रीव्ह्ज आणि मायनस फाइव्ह

शुक्रवारची रात्र, अंधेरीतला एक पब आणि कराओके नाइट. मी तेव्हा नोकरीत होते, फ्रीलान्सिंगचा किडा अजून चावायचा होता. ऑफिसच्या गँगने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. गाणं? ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’. जॉन डेन्व्हरचं 1971चं गाणं, अख्ख्या जगाला पाठ. म्हटलं, सोप्पंय! त्यात मी वसई-विरारकडची. जॉन डेन्व्हर आणि जिम रीव्ह्ज म्हणजे आमच्या घरचेच काका.

म्युझिक सुरू झालं. पहिली ओळ इतक्या खालच्या सुरात की माझा आवाज माइकपर्यंत पोचेचना. नुसती हवा. घाबरून मी एक सप्तक वर उडी मारली आणि कडवं झकास निघालं. स्वतःवरच जाम खूश झाले. आणि मग आलं ध्रुवपद. गाणं वर चढलं, मी तर आधीच वर जाऊन बसलेली. आता आणखी कुठे जाणार? मानेच्या शिरा ताणून मी जो काही आवाज काढला, त्याला गाणं म्हणणं म्हणजे जॉन डेन्व्हरचा अपमान. पुढच्या टेबलावरच्या एका मुलाने सरळ कानांवर हात ठेवले. वर टाळ्या पडल्या त्या गाणं संपल्याच्या!

विरार लोकलमध्ये बसून मी निष्कर्ष काढला, आपल्याला गाता येत नाही. विषय संपला. तुमच्यापैकी किती जणांनी असाच निष्कर्ष काढून माइककडे कायमची पाठ फिरवलीय? हात वर करा.

माझा विषय मात्र संपला नाही. कारण पुढच्याच वर्षी घरात एक प्रसंग उभा राहिला.

नंदाखाल ते टेक्सास

आमचं घर नंदाखालला, विरार स्टेशनच्या पश्चिमेला. मागे केळीची वाडी, पुढे ओटा. आम्ही कॅथलिक, घरात मराठी बोलतो, चर्चमध्ये मिस्सासुद्धा मराठीत. पण पार्टीत कुणाची गिटार बाहेर निघाली की गाडी थेट टेक्सासला. वसई, गोवा, बांद्रा, जिथे जिथे आपले कॅथलिक लोक आहेत, तिथे जिम रीव्ह्ज हा जवळजवळ नातेवाईक आहे. बिचारा 31 जुलै 1964ला विमान अपघातात गेला. पण त्याचा 1963चा नाताळच्या गाण्यांचा अल्बम आमच्याकडे अजून डिसेंबर लागला की वाजतो. नेव्हऱ्या तळायच्या त्याच्याच तालावर.

आणि आमच्या आळीचा जिम रीव्ह्ज म्हणजे माझे पप्पा. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी, आयुष्यभर विरार लोकल, पण बारसं असो की लग्न, रात्री दहानंतर कुणीतरी म्हणायचंच, ‘‘आता तुझं ते होऊन जाऊ दे.’’ ‘ते’ म्हणजे ‘हील हॅव टू गो’. एक माणूस बारमधून प्रेयसीला फोन लावतो, तिच्याजवळ दुसरा कुणीतरी आहे, एवढीच गोष्ट. 1960 साली हे गाणं अमेरिकेच्या कंट्री चार्टवर 14 आठवडे एक नंबरवर होतं. पप्पांचा तो खर्ज लागला की बायका हातातलं काम थांबवायच्या आणि आई उगीचच किचनमध्ये निघून जायची. लाजून.

दोन वर्षांपूर्वी पप्पांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. गाठ गेली, तब्येत छान झाली, पण आवाज बसला तो बसलाच. आता ते बोलतात ते कुजबुजल्यासारखं. बाकी सगळं पूर्वीसारखं, शेजाऱ्यांशी भांडणंसुद्धा. फक्त गिटार कपाटावर गेली आणि तिच्यावर चादर आली.

त्यातच आई-पप्पांच्या लग्नाला 35 वर्षं होत आली. डिसेंबरात पार्टी ठरली. कराओके लावणारा माणूस ठरला, जेवणाचा मेनू ठरला आणि मावशीने डिक्लेअर करून टाकलं, ‘‘बापाचं गाणं या वेळी लेक म्हणणार.’’

आता बोला!

ओरिजिनलचा हट्ट

मला ते गाणं ओरिजिनल पट्टीतच गायचं होतं. पप्पांचं गाणं आहे, त्याला हात कसा लावायचा? शिवाय थोडी मिजासही होती. चर्चच्या क्वायरमध्ये मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गाते. ‘आवाज बापावर गेलाय’ हे ऐकत मोठी झालेली मी.

फोनवर कराओके ट्रॅक लावला, दार बंद केलं आणि सुरुवात केली. शेवटच्या शब्दावर सूर खाली उतरतो, तिथे माझ्या गळ्यातून फक्त चरचर निघाली. जुना फ्रिज बंद होताना करतो ना, तशी. एक सप्तक वर घेतलं तर कडव्याच्या मधल्या ओळीला पुन्हा तो अंधेरीचा पब. आठवडाभर हेच. रोज रात्री घसा दुखायचा आणि मी हळद-दूध पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे.

शेवटी क्वायरमधल्या आमच्या गिटारिस्टला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘अगं, तू पप्पांचा शर्ट घालून लग्नाला निघालीयस. आधी माप तरी घे.’’

माप कसं घ्यायचं?

हा फंडा त्याने मला अर्ध्या तासात शिकवला. तुम्हालाही सांगते, फुकटात.

पहिली पायरी, स्वतःचं माप. फोनवर कीबोर्डचं किंवा गिटार ट्यूनरचं कुठलंही अ‍ॅप घ्या. ‘ऊ’ म्हणत एकेक पट्टी खाली उतरत जा. जिथे आवाज चरचरायला लागतो, त्याच्या आधीचा सूर म्हणजे तुमचं खालचं टोक. मग तसंच वर चढा. हनुवटी वर उचलावीशी वाटली, भुवया ताणल्या गेल्या की थांबा. त्याच्या एक-दोन पट्ट्या खाली तुमचं वरचं टोक. ताणून निघालेला सूर मोजायचा नाही, आरामात निघालेलाच मोजायचा. आणि हे सकाळी उठल्या उठल्या करू नका. झोपेतून उठल्यावर सगळ्यांचाच आवाज खाली असतो, तेव्हा आपण अमिताभ बच्चन आहोत असा भास होतो. कराओके रात्री असतं, माप संध्याकाळी घ्या.

दुसरी पायरी, गाण्याचं माप. इथेच मी पबमध्ये फसले होते. आपण गाण्याची पहिली ओळ गुणगुणून बघतो आणि ‘जमतंय’ म्हणतो. कंट्री गाण्यांची गंमत अशी की बरीचशी गाणी म्हणजे गोष्टीच असतात. कडवं बोलल्यासारखं, खालच्या सुरात आणि मग ध्रुवपद वर. म्हणून आधी ध्रुवपद गाऊन बघायचं, मग कडव्यातला सगळ्यात खालचा शब्द. दोन्ही बसले तर गाणं तुमचं.

काही गाणी यातही दगा देतात. केनी रॉजर्सचं 1978चं ‘द गॅम्बलर’ अर्ध्यात आल्यावर एक पट्टी वर सरकतं. तुम्हाला सुरुवातीला ठीक वाटलेलं ध्रुवपद नंतर गळ्याशी येतं. जॉनी कॅशचं 1956चं ‘आय वॉक द लाइन’ तर महा डेंजर. पाच कडवी, प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते. दोन कडव्यांच्या मधे कॅश चक्क गुणगुणतो, कारण त्याला पुढचा सूर शोधायचा असतो! शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा अख्खं सप्तक खाली. हे गाणं निवडायचं तर पहिलं नाही, शेवटचं कडवं आधी म्हणून बघा.

तिसरी पायरी, गाण्याचा मुक्काम. एखादा वरचा सूर एकदाच येत असेल तर निभावून नेता येतो. पण गाणं बहुतेक वेळ राहतं कुठे? तुम्ही मित्राशी निवांत गप्पा मारता त्या सुराच्या आसपास असेल तर बेस्ट. कंट्रीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण इथे गोष्ट ऐकू आली पाहिजे. सूर धरायच्या नादात गोष्ट सांगायची राहिली तर उरलं काय?

एवढं करूनही गाणं बसत नसेल तर पट्टी बदला. कराओकेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘की’ नावाचं बटन असतं, प्लस आणि मायनस. एकदा दाबलं की पेटीवरची एक पट्टी सरकते. काळ्या-पांढऱ्या मिळून 12 पट्ट्या झाल्या की एक सप्तक.

माझं माप निघालं ते असं. पप्पांचं गाणं मला साधारण सात पट्ट्या वर हवं होतं. मी ‘प्लस सात’ केलं तर ट्रॅकमधली गिटार खेळण्यातली वाटायला लागली. गिटारिस्ट म्हणाला, ‘‘उलटं कर. मायनस पाच.’’ मला वर जायचंय आणि हा खाली ने म्हणतोय? पण हिशोब सरळ होता. मी एक सप्तक वर गायले तर 12 पट्ट्या चढते. ट्रॅक पाच पट्ट्या खाली आणला की 12 वजा पाच, झाल्या सात. शिवाय ट्रॅक कमी सरकल्यामुळे गिटार गिटारसारखी वाजते. मुलींनो, पुरुषाचं गाणं गाताना हे लक्षात ठेवा. बटन खाली दाबायचं आणि आपण वर गायचं. मुलग्यांना बाईचं गाणं गायचं असेल तर बरोबर याच्या उलट.

मायनस पाचवर मी गाणं म्हटलं. पहिल्या फटक्यात बसलं. घसा दुखला नाही, शिरा ताणल्या नाहीत.

आणि मला रडूच यायला लागलं. कारण ते आता पप्पांचं गाणं वाटतच नव्हतं.

कपाटावरची कॅसेट

त्या रात्री मी जुनी कॅसेट शोधून काढली. माझ्या बाप्तिस्म्याच्या पार्टीची, 1997ची. त्यात पप्पा गातायत, मागे कुणीतरी ग्लास पाडतंय आणि मी रडतेय. म्हटलं, निदान ते कसं म्हणायचे ते तरी नीट ऐकू. कॅसेटवर पप्पा, फोनवर जिम रीव्ह्ज, एकामागून एक लावले.

जुळेना. पप्पा वर होते. ट्यूनरवर बघितलं तर बरोबर दोन पट्ट्या वर. वाटलं, टेपरेकॉर्डर म्हातारा झालाय, जोरात पळत असणार. सकाळी पप्पांना विचारलं. ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, स्टुलावर चढले, चादर काढली आणि गिटारच्या खोक्यातून एक गंजलेला कॅपो काढून माझ्या हातात दिला. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. जितका पुढे सरकवाल तितका सूर वर जातो.

‘‘दुसऱ्या फ्रेटवर लावायचो,’’ पप्पा कुजबुजले. ‘‘जिम रीव्ह्जच्या पट्टीत तो शेवटचा शब्द माझ्या पोटातच राहायचा. बाहेर यायचाच नाही.’’

‘‘म्हणजे तुम्ही ओरिजिनलमध्ये कधीच नाही म्हटलंत?’’

‘‘एकदा म्हटलं. तुझी आई हसली.’’

28 वर्षं जे मी ओरिजिनल समजत होते, ते मुळात पप्पांच्या मापाचं होतं. आळीच्या जिम रीव्ह्जला जिम रीव्ह्जचा खर्ज लागत नव्हता! आणि त्याने कुणाचंच काही अडलं नव्हतं. आई तरीही लाजून किचनमध्ये जातच होती.

‘‘गाडीतला बुवा बघितलास ना?’’ पप्पा म्हणाले. विरार लोकलमधली भजनी मंडळं तुम्हाला माहीत असतीलच. टाळ, डब्यातल्या पत्र्यावर ठेका आणि तुफान भजन. पप्पा कॅथलिक असले तरी वर्षानुवर्षं त्याच डब्यात बसायचे. बुवा आधी हळूच ‘आ’ लावून बघतो, डब्यातले सगळे मागून म्हणू शकतील असा सूर शोधतो आणि मगच उचलतो. भजन कुणाच्या रेकॉर्डमधलं आहे आणि तिथे पट्टी कुठली होती, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे तर गायक बसला की तबला आणि तानपुरा त्याच्या सुराला लावतात, कुणी पांढरी एक, कुणी काळी पाच. ओरिजिनल पट्टीचा हा बाऊ मी कुठून उचलला कोण जाणे.

मग मी जरा वाचून काढलं. जर्नलिस्ट आहे, खोड जात नाही. जिम रीव्ह्ज स्वतःसुद्धा सुरुवातीला या आवाजात गायचा नाही. 1953चं त्याचं ‘मेक्सिकन जो’ ऐका, चांगलं मोठ्याने, वरच्या सुरात. 1957च्या ‘फोर वॉल्स’च्या वेळी तो माइकच्या अगदी जवळ गेला, ओठ टेकतील इतका, आवाज खाली आणला, मऊ केला. ज्या आवाजावर आपण जीव टाकतो तो त्याला असा शोधावा लागला.

आणि कराओकेचं मूळ? जपानीत कारा म्हणजे रिकामा, ओके म्हणजे ऑर्केस्ट्रा. 1971 साली कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने हे मशीन बनवलं. तो बारमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचा आणि प्रत्येकाच्या आवाजाप्रमाणे वाजवायचा. एका कंपनीच्या मालकाला तो सहलीला सोबत हवा होता. त्याला जमेना, म्हणून त्याने त्या माणसाच्या गाण्याला बसेल अशी साथ टेप करून दिली. कराओकेची आयडिया तिथून पक्की झाली. पठ्ठ्याने पेटंटसुद्धा घेतलं नाही, 2004 साली त्याला गमतीदार संशोधनांना देतात तो इग नोबेल तेवढा मिळाला. सांगायचा मुद्दा, गाणाऱ्याने मशीनच्या मागे धावायचं असं मुळात ठरलंच नव्हतं.

सगळ्यात शेवटी सापडली ती गोष्ट मात्र मी पप्पांना वाचून दाखवली. ‘हील हॅव टू गो’ लिहिणाऱ्या जो अ‍ॅलिसनच्या बायकोचा, ऑड्रीचा आवाज फार हळू होता. फोनवर तिला मोठ्याने बोलता यायचं नाही, म्हणून तो तिला सारखा फोन तोंडाजवळ धरायला सांगायचा. त्यातून दोघांना हे गाणं सुचलं.

पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. गेली दोन वर्षं मी लोकलमधून फोन करते तेव्हा त्यांना हेच ओरडून सांगत असते, ‘‘पप्पा, फोन जवळ धरा ना!’’

पार्टी

डिसेंबरात ओट्यासमोर मांडव घातला. कराओकेवाल्याला मी आधीच कागदावर लिहून दिलं होतं, गाण्याचं नाव आणि मोठ्या अक्षरांत ‘मायनस 5’. ही अजून एक टिप, आयत्या वेळी स्टेजवरून ‘जरा खाली, जरा वर’ करत बसू नका. आपला आकडा पाठ ठेवा.

मी गायले. ग्रेट नाही, पण प्रत्येक शब्द ऐकू गेला. कुणाला पट्टी बदललेली कळलीसुद्धा नाही. मावशी म्हणाली, ‘‘अगदी बापासारखं!’’ बाप दोन वर, लेक मायनस पाच, पण मावशीला अगदी सेम.

शेवटच्या ओळीआधी मी पप्पांकडे बघितलं. ते खुर्चीवरून उठून शेजारी येऊन उभे राहिले होते. मी माइक त्यांच्या ओठांशी धरला, टेकेल इतका जवळ. ती ओळ त्यांनी गायली नाही, बोलून टाकली, त्या कुजबुजीतच. मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या काकांपर्यंत पोचली ती.

आई किचनमध्ये निघून गेली.

गिटारवरची चादर तेव्हापासून निघालेली आहे. पप्पा वाजवतात, मी म्हणते. कॅपो आता माझ्या मापाने लागतो. अंधेरीतल्या त्या पबमध्येही पुन्हा जाऊन आले. ‘कंट्री रोड्स’च म्हटलं, पण या वेळी काउंटरवर आधी विचारलं, ‘‘की बदलता येते ना?’’ तो म्हणाला, ‘‘येते की मॅडम, कुणी सांगतच नाही.’’